काल कशी होती?

मंगळी भाताची रोपं उलटी लावत होती.

गोदीच्या ते लवकर लक्षातच आलं नाही. सकाळपासून पाऊस एकसारखा कोसळत होता, आणि इरलं डोक्यावर घेऊन वाकलेल्या माणसाला आपले हात आणि पुढचा चिखल सोडून दुसरं काही दिसत नाही. लावत लावत ती एक पाऊल मागं सरली, तेव्हा शेजारच्या सासूच्या पट्ट्यात तिला मुळं दिसली. धुतलेली पांढरी मुळं वर आणि हिरवे शेंडे चिखलात. एका ठिकाणी नाही, सात-आठ ठिकाणी.

"आये, हे काय करतेस?"

मंगळीनं मान वर केली नाही. हातातल्या मुठीतून तिनं आणखी दोन काड्या सोडवल्या आणि शेंड्याकडून खुपसल्या. गोदीनं तिचा हात धरला. मंगळीनं तो झटकला आणि चिखलाच्या पंजानं सुनेच्या मनगटावर फटका मारला. आवणीला, भातलावणीला आलेल्या बायका हसल्या.

"सासूला आवणी शिकवते," मालू म्हणाली.

गोदी ओशाळली. हेदाच्या पाड्यातल्या निम्म्या पोरींना रोप कसं धरायचं ते मंगळीनंच शिकवलेलं. गोदी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या वर्षी मंगळीनं तिनं लावलेली अख्खी ओळ उपटून परत लावायला लावली होती. ती खाली वाकली, चार ठिकाणी रोपं लावली, पण नजर सारखी तिकडं जात राहिली. शेवटी ती उठली आणि सासूचं इरलं मागं सारून तिनं तोंड बघितलं. तोंडावर पाणी होतं, पण ते पावसाचं नव्हतं. इरल्याखाली कोरडं असायला हवं तिथं कपाळ, मान, गळा सगळं घामानं निथळत होतं. हात लावला तर अंग गार आणि चिकट. ओठ काहीतरी पुटपुटत होते.

वरच्या खाचरात तिचा नवरा पुंजा बैल घेऊन चिखलणी करत होता. गोदीनं हाक मारली.

"आयस बरी नाय."

"बसव बांधावर," तो तिथूनच ओरडला. "राब उपटून ठेवलाय सगळा. हे खाचर दुपारपर्यंत संपलं पाहिजे. उद्या मालूकडं जायचंय."

त्याचंही खरं होतं. उपटलेलं रोप थांबत नाही, आणि आज या बायका आल्या तर उद्या त्यांच्याकडं जावं लागतं. गोदीनं सासूला हाताला धरून बांधावर बसवलं. मंगळी तिच्याकडं बघत राहिली.

"रखमी," ती म्हणाली, "पाण्याला जायचं न?"

रखमी मंगळीची बहीण. ती मरून बारा वर्षं झाली होती.

गोदी पुन्हा पुंजाला हाक मारायला वळली, तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. मंगळी बांधावरून घसरून पालथी चिखलात पडली होती. तोंड पाण्यात होतं आणि ते वर उचलायची तिला शुद्ध नव्हती.

घरी आणून तिला चुलीजवळ निजवलं. पुंजाचा चुलता ढवळू आला, बघितलं, उकिडवा बसला.

"वय झालं तिचं," तो म्हणाला. "माझी आयस अशीच बडबडत गेली. आता हलवू नका. तोंडात पाणी घाला."

"काल सांजच्याला हिनं चाळीस मुठी राब उपटला," गोदी म्हणाली. "मी बांधल्या त्या. एका रात्रीत वय झालं कं?"

ढवळूनं पुंजाकडं बघितलं. सून चुलत्यासमोर असं बोलते हे पुंजालाही खटकलं. पण त्याची नजर आईच्या तोंडाकडं गेली. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि लाळ गळत होती. तो उठला आणि वळचणीचा बांबू काढायला गेला.

घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. पुढं काळ्या, मागं पुंजा. काळ्या शेजारचा, त्याचीही आवणी अर्धी राहिली होती, पण त्यानं खांदा दिला. पाड्यापासून डांबरी रस्ता तासाभराचा. मधल्या वहाळाला मांडीभर पाणी होतं आणि दगड शेवाळलेले. तिथं काळ्याचा पाय सटकला, तो गुडघ्यावर आपटला, पण बांबू त्यानं खांद्यावरून सोडला नाही. गोदी झोळीच्या बाजूनं चालत होती. म्हातारीचं तोंड एका अंगावर राहावं म्हणून तिनं पूर्ण वाट घोंगडीत हात घालून तिचा गाल धरून ठेवला होता.

रस्त्यावर खोडाळ्याकडून आलेली काळी-पिवळी जीप थांबली. आत माणसं दाटीनं बसलेली. ड्रायव्हरनं चिखलानं माखलेल्या मंगळीकडं बघितलं.

"सीटवर नको. खाली ठेवा."

मग तिला मधल्या जागेत, लोकांच्या पायांशी निजवलं. कोणीतरी पिशवी उचलून घेतली, कोणीतरी चपला आत ओढल्या. गोदी खालीच बसली, सासूचं डोकं मांडीवर घेऊन.

आंबेवहाळच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी तापाची रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. पुंजा केसपेपर काढायला खिडकीशी गेला.

"वय?"

"असंल सत्तर. ऐंशी बी असंल."

खिडकीतल्या माणसानं ऐंशी लिहिलं.

डॉक्टर कमलेश तरुण होते, वर्षभरापूर्वीच इथं आले होते. पेशंट सोडून ते आले, मंगळीच्या पापण्या वर करून बघितल्या, दोन्ही हात उचलून सोडले. उजवा हळू खाली आला, डावा दगडासारखा पडला.

"किती दिवस अशी आहे?"

पुंजा वसईला बांधकामावर जाऊन आलेला. साहेबाशी बोलताना त्याच्या तोंडात आपोआप तिकडची भाषा येई. "साब, उमर झाली तिची. विसरते बी कधी कधी."

"लकवा दिसतो," डॉक्टर म्हणाले. "जव्हारला न्यावं लागेल. आपली गाडी एका बाईला घेऊन गेलीय, यायला दोन तास लागतील. तोवर सलाईन लावू. या वयात फार काही सांगता येत नाही, बघा." आणि ते परत रांगेकडं गेले.

गोदी दाराशी उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. लुगड्यावरचा चिखल वाळून तडकत होता आणि फरशीवर पडत होता. झाडूवाली मावशी दोनदा तिच्याकडं बघून गेली, म्हणून ती जास्तच भिंतीला चिकटून उभी राहिली.

उज्ज्वला सिस्टर मंगळीच्या हातावर शीर शोधत होत्या. त्या जव्हारच्याच, याच भागात बावीस वर्षं नोकरी केलेल्या. म्हाताऱ्या कातडीखाली शीर सापडायची आणि सुईखालून निसटायची. हात चोळता चोळता त्यांनी मंगळीची बोटं उलटी करून बघितली. नखांत ताजा चिखल, बोटांच्या पेरांना रोपाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक लाल रेघा.

"ही आवणीला होती?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"व्हय, बाई."

"आज?"

"आज बी. काल बी. रोजच."

"काल कशी होती गं ही?"

गोदी भिंतीपासून सुटली. "काल बरी होती. चाळीस मुठी राब उपटला. वहाळावरून दोन हंडे पाणी आणलं. मना शिव्या दिल्या, भाकर करपली म्हणून. रोजच्यासारखी होती, बाई. विसरत नाय ती. हा खोटा बोलतो. ती काय बी विसरत नाय."

उज्ज्वला सिस्टरनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि त्या सरळ बाहेर गेल्या. रांगेतली माणसं ओलांडून त्यांनी डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. डॉक्टर या वेळी आले ते स्टूल ओढून गोदीसमोर बसले.

"कालपासून सांग. सावकाश."

समोर बसलेल्या साहेबाशी बोलायचं म्हणजे गोदीची जीभ अडखळे. घरची बोली पुढं यायची, ती गिळून शाळेतली मराठी शोधावी लागायची. पण तो माणूस थांबला. पडली होती का आधी? डोकं आपटलं? ताप, उलटी? लघवी होते? काल काय खाल्लं?

गोदीनं पुंजाकडं बघितलं.

"काय खाल्लं रात्री?"

"भाकर पोरांना दिली तिनं. म्हणाली भूक नाय."

"सकाळी?"

"चहा. कोरा." आणि मग, जमिनीकडं बघत, "नागली सरत आलीय, साहेब. नवं यायला दोन महिने हायेत. पुरवून खातो."

पुंजानं खिडकीकडं तोंड फिरवलं. घरातली गोष्ट अशी तापाच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितली गेली होती.

"गोळ्या घेते कसल्या?"

"एक घेते. सकाळ-सांज. जेवायच्या आधी." गोदीनं पुढं होऊन सासूच्या कनवटीला खोचलेली कापडाची पुरचुंडी सोडवली. तंबाखूच्या डबीबरोबर आत गोळ्यांची पट्टी होती. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि ते ताडकन उठले.

"ही रक्तातली साखर कमी करायची गोळी आहे. कोणी दिली?"

"गेल्या महिन्यात बाजाराला शिबिर आलं होतं. शहराची माणसं. बोटाचं रक्त घेतलं आणि ही दिली. जेवायच्या आधी घे म्हणाले. ती चुकवत नाय एक बी."

"आधी घ्यायची आणि मग जेवायचं असतं, बाई!"

"ते ठाऊक हाय तिला," गोदी म्हणाली. "पण जेवण असलं तर न."

डॉक्टरांनी सिस्टरना साखर तपासायला सांगितलं. सिस्टरनी मंगळीच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब कागदी पट्टीवर घेतला. मिनिटभरानं पट्टी डबीवरच्या रंगांशी लावून बघितली. सगळ्यात खालच्या रंगाएवढीही ती रंगली नव्हती.

"ग्लुकोज," डॉक्टर म्हणाले. "पंचवीस टक्के. शीर द्या मला कुठलीही."

डाव्या हाताला दोनदा टोचलं, फुगलं. उजव्या मनगटाला टोचलं, रक्त आलं आणि थांबलं. चौथ्यांदा कोपराच्या आत सुई बसली. जाड सिरिंजमधलं औषध डॉक्टर अंगठ्यानं इतकं हळू आत सोडत होते की गोदीला वाटलं ते थांबलेच आहेत. एक सिरिंज गेली. दुसरी अर्धी गेली. मंगळीच्या पापण्या फडफडल्या. मघाशी दगडासारखा पडलेला डावा हात उठला आणि तिनं कपाळावरची माशी हाकलली.

"हे कोणाचं घर?" ती म्हणाली. मग पुंजाला बघून, "तू इथं काय करतोस? राब सुकंल न."

पुंजा व्हरांड्यात निघून गेला. बराच वेळ तो तिथं पागोळ्यांखाली तोंड धूत राहिला.

"लकवा नाही, साखर उतरली होती. पण आज सोडणार नाही," डॉक्टरांनी सांगितलं. "गोळी अजून अंगात आहे. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातून ती लवकर जात नाही, साखर परत खाली ओढते. गाडी आली की जव्हारला पाठवतो." मग ते गोदीकडं वळले. "मी बाळंतपणाच्या खोलीत असेन. तू हिच्याजवळ बस. थोड्या थोड्या वेळानं काहीतरी विचार, हिला पक्कं ठाऊक असलेलं. वागण्यात काहीही फरक वाटला तर आत ये. दार वाजवू नकोस, ढकल आणि ये."

गोदी बसली. सलाईनचा थेंब पडायचा आणि ती विचारायची.

"आये, बैलांची नावं काय?"

"मना येडी समजतेस?"

"सांग न."

मंगळीनं नावं सांगितली आणि वर शिवी दिली. सिस्टरनी साखर घालून दूध आणि बिस्किटं दिली, ती तिनं खाल्ली. थोड्या वेळानं गोदीनं विचारलं, धाकट्या पोराचं नाव काय. मंगळीनं नाव सांगितलं आणि म्हणाली, तुझ्यासारखी सून पदरात पडली म्हणून मी आजारी पडले. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. गोदीला ती शिवी ऐकून बरं वाटलं.

दोन तास झाले, गाडी आली नाही. पुंजा आत यायचा, आईकडं बघायचा, बाहेर जायचा. काळ्या केव्हाच परत गेला होता. खाचरात रोप तसंच पडलं असणार, बायका घरी गेल्या असणार. अडीचच्या सुमाराला बाळंतपणाला दोन बायका एकदमच आल्या. खाटा तीनच होत्या. मावशी म्हणाली, "आजी बरी झाली न? बाकावर बसवा तिला. ही बाई कुठं निजंल?"

मंगळीला तेवढंच हवं होतं. ती उठून बसली आणि हातातली सुई तिनं स्वतःच ओढून काढली. रक्ताची धार लागली, ती तिनं लुगड्याच्या पदरानं दाबली.

"चल रे," ती पुंजाला म्हणाली. "मी चालंन."

"डॉक्टर नको म्हणालेत," गोदी म्हणाली.

"डॉक्टर आवणी करायला येणार कं?" पुंजा म्हणाला. बाहेर खोडाळ्याकडं जाणारी जीप हॉर्न देत होती. "चालते, बोलते, अजून काय पाहिजे? जव्हारला जाऊन पडायचं, मग इथलं कोण करंल?"

गोदी प्रसूतीच्या खोलीकडं बघत राहिली. आतून बाईच्या ओरडण्याचा आवाज येत होता. दार ढकल म्हणाले होते, पण काय सांगायचं? सासूत फरक काहीच नव्हता. ती रोजच्यासारखी चिडून, रोजच्यासारखी तडातड जीपकडं चालली होती. सिस्टरही आतच होत्या. गोदी मागोमाग गेली.

या वेळी मंगळी सीटवर बसली, पुंजा आणि गोदीच्या मध्ये. जीप निघाली. पहिलं वळण गेलं.

"आये, बैलांची नावं काय?"

मंगळीनं नावं सांगितली. दुसरं वळण गेलं, पावसाचा जोर वाढला, ड्रायव्हरनं ताडपत्री खाली सोडली.

"आये, काल राब कुठून उपटला आपण?"

मंगळी गोड हसली. "तू सांगशील तिथून," ती म्हणाली.

गोदी तिच्याकडं वळली. सात वर्षांत ही बाई तिच्याशी इतकं गोड बोलली नव्हती. तिनं सासूच्या मानेला हात लावला. मान घामानं चिकट झाली होती.

"गाडी थांबव!"

ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि चालवत राहिला.

"बस खाली," पुंजा म्हणाला.

"परत लागलंय तिला. थांबव म्हणते न!" गोदीनं ताडपत्री उचलून एक पाय बाहेर टाकला. रस्ता खालून पळत होता. बायका किंचाळल्या आणि ड्रायव्हरनं शिवी हासडत ब्रेक दाबला. सगळी माणसं एकमेकांवर आदळली. पुंजानं गोदीचा दंड धरून तिला आत ओढलं आणि दुसरा हात उगारला.

"मार," ती म्हणाली. "मारून झालं की हिला उचल."

त्याच क्षणी मंगळीचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं. त्याचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला आणि त्यानं आईचं तोंड धरून आपल्याकडं वळवलं. "आये," तो म्हणाला. "ये आये." डोळे अर्धे उघडे होते आणि ते त्याला बघत नव्हते.

ड्रायव्हर जीप वळवायला तयार नव्हता. पुंजानं आईला पाठुंगळी घेतलं आणि तो भर पावसात परत धावत सुटला. गोदी मागून तिला सावरत धावत होती. चपला मध्येच कुठंतरी राहिल्या. केंद्राच्या व्हरांड्यात चढल्यावर ती थांबली नाही, कोणाला विचारलं नाही. तिनं प्रसूतीच्या खोलीचं दार ढकललं.

डॉक्टर रक्तानं भरलेल्या हातमोज्यांनी बाहेर आले. नुकतंच जन्मलेलं मूल आत रडत होतं. त्यांनी विचारलं नाही की तुम्ही गेला का होतात. पुन्हा बोट टोचलं, पुन्हा शीर शोधली. या वेळी मंगळीला जागं व्हायला जास्त वेळ लागला आणि जागी झाल्यावरही ती बोलली नाही, नुसती छताकडं बघत राहिली. पुंजा खाटेच्या पायाशी फरशीवर बसला होता. "साब, मी नेली," तो म्हणाला. "हिनं नाय नेली. मी."

गाडी चार वाजता आली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि गोदीच्या हातात दिली.

"मी वरच लिहिलंय, कालपर्यंत शेतात काम करत होती, सगळं स्वतःचं स्वतः करत होती. ऐंशी खोडून अंदाजानं साठ केलंय. तिथं गर्दी असेल. कोणी चिठ्ठी वाचली नाही तर तू सांग. मोठ्यानं सांग."

जव्हारला मंगळी तीन दिवस होती. दर काही तासांनी तिचं बोट टोचायचे, बाटली बदलायचे. पहिल्या रात्रीत साखर अजून एकदा घसरली, मग थांबली. दुसऱ्या दिवशी ती ताटातला भात मागून घेऊन जेवली. गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी रक्त परत तपासू, मग काय ते ठरवू, असं तिथल्या ममता डॉक्टरांनी सांगितलं. पुंजा दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेला होता. निम्मं रोप कुजलं होतं. मालूनं आणि काळ्यानं आपल्या आवणीतून उरलेला राब दिला आणि एक खाचर पडीक राहिलं.

निघायच्या दिवशी ममता डॉक्टरांनी कागद देताना विचारलं, "त्या शिबिरात तुमच्या बाजूच्या अजून कोणाला या गोळ्या दिल्या?"

मंगळी बोटं मोडत आठवू लागली. धोंडीबाईला दिल्या होत्या. खालच्या पाड्यावरच्या लाडकीला दिल्या होत्या. एक म्हातारा होता, त्याचं नाव तिला आठवेना.

"त्यांना सांगा, उपाशीपोटी घेऊ नका. जेवण नसेल त्या दिवशी गोळीही नाही. आणि सगळ्यांना या आठवड्यात केंद्रात दाखवायला आणा."

दुपारच्या एसटीनं दोघी उतरल्या. पाऊस भुरभुर होता. मंगळीला धाप लागत होती, दर शंभर पावलांवर ती गोदीच्या खांद्यावर हात टाकून थांबायची. वहाळ ओलांडल्यावर घरची वाट डावीकडं जात होती. मंगळी उजवीकडं वळली.

"घर तिकडं हाय, आये."

"मना ठाऊक हाय घर कुठं हाय," मंगळी म्हणाली. "धोंडीबाई एकलीच असते. तिचा पोर ठाण्याला गेलाय. तिला कोण रांधून घालतंय?"

धोंडीबाईच्या झोपडीचं दार लोटलेलं होतं. चूल विझलेली. म्हातारी आत घोंगडी घेऊन बसली होती आणि मंगळीला बघून तिला आनंद झाला. तू मेलीस असं ढवळू सांगत होता, ती म्हणाली. मंगळी खांबाला टेकून खाली बसली. धाप थांबेपर्यंत तिला बोलता येईना. मग तिनं बाहेर उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या सुनेकडं बघितलं.

"आत ये," ती म्हणाली. "तू सांग हिला. मना त्यातलं काय बी आठवत नाय. तूच होतीस."

गोदी आत गेली. पिशवीतला दवाखान्यातला उरलेला बिस्किटांचा पुडा तिनं काढला, धोंडीबाईसमोर बसली, तिचा हात आपल्या हातात घेऊन तो गार आहे की गरम ते आधी बघितलं आणि विचारलं,

"आज काय खाल्लंस?"